जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे : थोडं कामाबद्दल, थोडं घराबद्दल

माळरान (धागाकर्ता)

२५ मे हा डॉ. रजनीकांत आरोळे यांचा स्मृतिदिन. २०११ साली ते गेले. ऑफिसातल्या एका पोराला, तोही आपल्याच नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं), सहज विचारलं, "रजनीकांत आरोळे हे नाव ऐकलंयस का?" पहिला शब्द ऐकताच त्याने हवेत गॉगल फिरवून दाखवला. म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जन्म १९३४चा, नगर जिल्ह्यातला. आईवडील दोघेही शिक्षक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकले आणि तिथेच मेबल इमॅन्युएल भेटल्या. मेबलताई मूळच्या तमिळ घरातल्या, पण जबलपूरच्या. वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक. १९६०मध्ये दोघांचं लग्न झालं. लग्न करतानाच ठरवून टाकलं होतं की आयुष्य खेड्यातल्या, कुणाच्याच हिशेबात नसलेल्या माणसांसाठी घालवायचं. पंचविशीत असं बरेच जण ठरवतात. ही दोघं पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ते करत राहिली.

पहिली काही वर्षं नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात गेली. तिथे लक्षात आलं की बरी करून घरी पाठवलेली पोरं त्याच जुलाबाने, त्याच उपासमारीने पुन्हा दारात येतायत. बहुतेक दुखणी अशी, की ती दवाखान्यापर्यंत पोचायलाच नको होती. मग अमेरिका. क्लीव्हलंडला पुढचं शिक्षण, शेवटी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी. तिथे प्रा. कार्ल टेलर यांचं मार्गदर्शन मिळालं आणि कागदावर एक आराखडा तयार झाला. १९७०मध्ये दोघं परत आली. पुण्यामुंबईत कुठेही पायघड्या घातल्या असत्या. त्यांनी निवडलं जामखेड. रेल्वे नाही, पाऊस त्याच्या मर्जीने. जनावरांच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्यात त्यांच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचं काम सुरू झालं.

१९७१मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. पाचएक वर्षांत हा आकडा ५२वर आला. मॅगसेसे १९७९ साली आणि पद्मभूषण १९९० साली, दोन्ही वेळा नवराबायको दोघांनाही.

आता मुद्द्याचं. आरोळ्यांबद्दल जे छापून येतं त्यात ते 'देवमाणूस' असतात. देवमाणूस म्हटलं की आपण हात जोडून मोकळे. मला ते संसारी माणूस म्हणून जास्त मोठे वाटतात. समाजकार्यासाठी घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे ढिगाने आहेत. घरच कामात आणणारे, बायकोला 'मागे खंबीरपणे उभी' न ठेवता शेजारी उभी करणारे किती? त्यांची मुलगी शोभा डॉक्टर होऊन जामखेडलाच काम करू लागली, मुलगा रवी यांनी प्रकल्पाचं व्यवस्थापन हाती घेतलं. ज्या आईबापांनी घर उपाशी ठेवून गाव जेवू घातलं, त्यांची मुलं बहुधा त्या गावाकडे पाठ फिरवतात. इथे तसं झालं नाही.

जाणकारांनी भर घालावी.

चहाबाज

वाचतोय. पण १७६वरून ५२? पाच वर्षांत? कसं काय? तेव्हा जामखेडला धड रस्ता तरी होता का?

डॉक्टरीण

@चहाबाज, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर डॉक्टर लोकांना फारसं आवडणारं नाही. 😊

एमबीबीएसला पीएसएमच्या (म्हणजे सामाजिक आरोग्याच्या) पेपरात 'जामखेड प्रकल्प, टीप लिहा' यायचं. आम्ही चार ओळी पाठ करून मोकळे. खरा किस्सा नंतर कळला. आरोळ्यांचा मूळ आराखडा असा होता की शिकलेल्या नर्स गावोगाव राहतील आणि लसीकरण, बाळंतपणं, औषधं बघतील. हा बेत सपशेल पडला. एकट्या तरुण नर्सला परक्या गावात राहणं नको वाटायचं, आणि शहरातली शिकलेली मुलगी सांगतेय म्हणून गावातली सासू कशाला ऐकेल?

मग गावातलीच बाई निवडायची ठरलं, आणि ती गावाने निवडायची. बहुतेक जणी निरक्षर. अनेक जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला दोन दिवस त्या जामखेडला यायच्या, तिथेच राहायच्या, एकत्र जेवायच्या आणि शिकायच्या. एका दमात सहा महिन्यांचा कोर्स करून प्रमाणपत्र, अशी भानगड नाही. एक विषय शिकायचा, गावात जाऊन करून बघायचा, पुढच्या आठवड्यात येऊन काय अडलं ते सांगायचं. एकत्र जेवणं आज वाचताना किरकोळ वाटेल. सत्तरच्या दशकातल्या जामखेड तालुक्यात मराठ्याच्या बाईने महाराच्या बाईशेजारी बसून जेवणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना विचारा.

आणि त्या करायच्या काय? तापाने फणफणलेलं मूल म्हणजे देवीचा कोप नव्हे हे सांगायचं. जुलाब झाले की पाणी बंद करायची जी पद्धत होती ती मोडून मीठसाखरेचं पाणी पाजायचं. गरोदर बाईला 'कमी खा, मूल मोठं झालं तर अडेल' असं सांगितलं जायचं, तिला भरपूर खायला लावायचं. पहिला चीक पिळून फेकून न देता बाळाला पाजायचा. नाळ स्वच्छ पात्याने कापायची. पाच वर्षांत बालमृत्यू खाली येतो तो यातूनच. यातल्या एकाही गोष्टीला एमबीबीएस लागत नाही.

एक शल्यचिकित्सक आणि एक भिषक्, दोघंही अमेरिकेत शिकून आलेले, आणि आपली बरीचशी विद्या न शिकलेल्या बायकांच्या हाती देऊन टाकतात! आमच्या पेशात हे पचवणं सोपं नाही. आजही नाही.

खर्डेकर

माळरानभाऊ, धागा काढला बरं केलं. मी जामखेड तालुक्यातलाच. खर्ड्याची लढाई १७९५ची, ती सगळ्यांना पाठ. चौंडी अहिल्यादेवींचं जन्मगाव, तेही सगळ्यांना पाठ. आरोळे डॉक्टरचं नाव मात्र बाहेरच्यांनी आम्हाला सांगायचं, असली गत.

आमच्याकडं म्हातारी माणसं जे सांगतात ते दवाखान्याचं नाहीच. पाण्याचं हाये. डॉक्टर गावात आले, लोकांना विचारलं काय पाहिजे. लोक म्हणले पाणी आन् खायला. औषधाचं नावबी कुणी काढलं नाही. मग बोअर घ्यायचं ठरलं, आन् डॉक्टरांनी जागा दाखवणाऱ्याला सांगून ठेवलं की पाणी शोधायचं ते दलित वस्तीत शोधा. पंप बसला महारवाड्यात. आता काय करता? बहात्तरचा दुष्काळ, हिरी कोरड्या ठाक. मग वाड्यावरच्या बायाबी हांडे घेऊन तिथंच लायनीत. भाषण नाही, मोर्चा नाही, कुणाला शिवी नाही. नुसता पंप.

दुसरं व्हॉलीबॉलचं. संध्याकाळी गावात जाऊन पोरांबरोबर, शेतकऱ्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे. खेळून झालं की घाम पुसत बसायचं आन् बोलायचं. त्यातनंच शेतकरी मंडळं झाली. मग बांधबंदिस्ती, झाडं लावणं. बायांची महिला मंडळं वेगळी. आमच्या घरातली एक चुलत आजी अशीच गावातली आरोग्यवाली होती. सही करायला येत न्हवती, पण तिच्यापुढं सरपंच खुर्चीवरनं उठायचा. मी डोळ्यानं बघितलंय.

विस्तव

सगळे गहिवरलेत म्हणून उलटी बाजू मांडतो.

एक, सुरुवातीला पैसा परदेशी चर्चसंस्थांचा होता. हे कुणी लिहिलेलं दिसत नाही. दोन, ५० वर्षं एवढं जगप्रसिद्ध काम झालं, तर जामखेड, पाटोदा, आष्टीकडची माणसं अजून दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला का जातात? समाजविकास म्हणजे नक्की काय झालं मग? तीन, संस्था घरच्यांच्या हाती दिली तर आपण त्याला घराणेशाही म्हणतो. राजकारण्यांनी केलं की शिव्या, डॉक्टरांनी केलं की 'घर कामात आणलं'?

पाटीपेन्सिल

आला विस्तव. 🔥

डॉक्टरीण

@विस्तव, पैशाचा मुद्दा खरा आहे, आणि तो लपवलेलाही नाही. वेल्लोर, वडाळा, मिरज, महाराष्ट्रातली आणि देशातली कितीतरी जुनी रुग्णालयं मिशनच्याच पैशातून उभी आहेत. प्रश्न त्या पैशाचं केलं काय हा. ज्या बायका दारोदार हिंडत होत्या त्या हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळ्या होत्या आणि त्यांनी गावात नेलं ते मीठसाखरेचं पाणी.

माळरान

@विस्तव, दुसऱ्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तो मलाही छळतो.

ऊसतोडीचं कारण पाऊस, जमिनीचा आकार, मुकादमाची उचल आणि पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने. हे एका आरोग्य प्रकल्पाने बदलावं ही अपेक्षा जास्तच आहे. तरी त्यांनी हात लावून पाहिला. पाणलोटाची कामं केली, माळांवर झाडं लावली, बायांना लहान धंद्यांसाठी कर्ज मिळवून दिलं, आवारात जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, बनवण्याची कार्यशाळा काढली. ज्या बायका आरोग्यसेविका झाल्या त्यांचं पोट त्या मानधनावर नव्हतं. बांगड्या विक, शेळ्या पाळ, असं काहीतरी स्वतःचं असायचं. म्हणजे 'विकास' हा शब्द त्यांनी आरोग्यापुरता ठेवला नव्हता. पण तालुक्याचं सगळं अर्थकारण त्यांच्या हातात कधीच नव्हतं, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

तिसरा मुद्दा. घराणेशाहीत वारसाला सत्ता मिळते. जामखेडला वारशात काय मिळतं? मला विचाराल तर मूल आईबापाच्या कामात स्वतःहून येतं की ओढून आणलं जातं, हाच प्रश्न महत्त्वाचा. यावर दुमत असू शकतं.

उंबरठा

लेख चांगला, पण माळरान, तुमच्या शीर्षकात एकच नाव का?

तुम्ही स्वतःच लिहिलंय की दोन्ही मोठे सन्मान दोघांना मिळाले. तरी धागा रजनीकांत आरोळ्यांचा, आणि मेबलताई दुसऱ्या परिच्छेदात 'भेटल्या'. कुटुंबवत्सल पुरुषाचं कौतुक करताना आपण नेहमी हेच करतो. तो घरात लक्ष घालतो म्हणून टाळ्या, ती घर आणि ओपीडी दोन्ही बघते त्याची नोंदच नाही.

जबलपूरला वाढलेली, तमिळ घरातली मुलगी नवऱ्याच्या जिल्ह्यात येते, मराठी बोलायला शिकते, ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात बाईडॉक्टर पाहिली नाही त्यांना तपासते, त्यांना शिकवते. नवऱ्याच्या गावी सून म्हणून जाणं आणि नवऱ्याच्या जिल्ह्यात डॉक्टर म्हणून जाणं यात फरक आहे हे मान्य, पण मुलूख शेवटी त्याचाच. पुढे युनिसेफने त्यांना दक्षिण आशियाच्या सल्लागार म्हणून बोलावलं. जामखेडचं जे शहाणपण बाहेर गेलं त्यातलं बरंच त्यांच्या हातून गेलं. १९९४मध्ये 'जामखेड' हे इंग्रजी पुस्तक दोघांनी मिळून लिहिलं, त्यावर पहिलं नाव मेबल यांचं आहे. १९९९च्या सप्टेंबरात त्या गेल्या. त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं ते काम करत राहिले.

त्यांना संसारी माणूस म्हणायला माझी ना नाही. पण ते वर्णन त्यांना लागू पडतं ते या बाईमुळे.

खर्डेकर

ताईंशी १०१ टक्के सहमत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या आजबी 'डॉक्टरीणबाई' म्हणतात ते त्यांनाच.

सातासमुद्रापार

बाल्टिमोरजवळ राहतो. आरोग्यक्षेत्रातला नाही, पण माझी बायको आहे. तिच्या वर्गात जामखेडचं नाव येतं ते कोणी 'भारतातला गरीब भाग' म्हणून नव्हे. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यसेवांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७८ला अल्मा आटामध्ये 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तिच्या मागे जी मोजकी उदाहरणं होती त्यांत हे एक. नॅशनल जिऑग्राफिकने २००८मध्ये या बायकांवर मोठा लेख केला होता.

पण मला आवडते ती मुक्ताबाई पोळ यांची गोष्ट. १९८८ला वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्यावरच्या परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. जामखेडच्या खेड्यातली आरोग्यसेविका, समोर देशोदेशीचे डॉक्टर आणि अधिकारी. त्यांनी सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवलं. तुम्ही डॉक्टर या झुंबरांसारखे, देखणे पण महाग आणि आमच्या हाताला न लागणारे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. मग साध्या वातीच्या दोन पणत्या काढल्या, एक लावली, तिच्यावर दुसरी लावली. मी ही पणती आहे, मला दुसरी लावता येते, झुंबराला येत नाही.

भाषण लिहून देणारा माणूस ठेवला असता तरी असं सुचलं नसतं. आणि सुचणारी बाई आरोळ्यांनी व्यासपीठावर पाठवली, स्वतः नाही उभे राहिले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

चहाबाज

हे माहीत नव्हतं. कडक.

मग सरकारने हे देशभर का नाही केलं? की गावोगावच्या सरकारी आरोग्यसेविका, 'आशा', म्हणजे तेच?

डॉक्टरीण

बरंचसं तेच. २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यात आशा कार्यकर्ती. तिच्यासाठी जो मार्गदर्शक गट नेमला त्यात डॉ. आरोळे होते, गडचिरोलीचे डॉ. अभय बंगही होते. बंग पतिपत्नीही जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आलेले. त्यांनीही गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. महाराष्ट्रात ही एक वेगळीच परंपरा आहे बघा. आरोळे, बंग, हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, मेळघाटात रवींद्र आणि स्मिता कोल्हे. सगळी डॉक्टर जोडपी, सगळी आडवळणाच्या मुलखात, आणि सगळ्यांनी मुलंबाळं तिथेच वाढवली. उंबरठाताईंच्या मुद्द्याला हे जोडून घ्या.

फरक मात्र आहे. जामखेडची बाई गावाला उत्तरदायी होती. आशाताई कागदांना आहे.

पाटीपेन्सिल

माझी आई आशा आहे. जिल्हा सांगत नाही.

कामावर आधारित मोबदला म्हणतात त्याला. इतक्या गरोदर बाया नोंदवल्या इतके, बाळंतपणाला दवाखान्यात नेलं तितके. तो वेळेवर येत नाही म्हणून संप करावे लागतात, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. रात्री दोनला फोन येतो, ती जाते. बाळंतीण दवाखान्यात आत जाते आणि आई व्हरांड्यात फरशीवर बसते, कारण तिला बसायला जागा नाही. तिथले कर्मचारी तिला नावाने हाकही मारत नाहीत, 'ए आशा' म्हणतात. सर्वे, ॲप, फोटो, परत सर्वे. कोविडमध्ये तर विचारूच नका.

वर खर्डेकरांनी लिहिलं की आजीपुढे सरपंच उठायचा. मी ते तीनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ट्रेनिंगला दर आठवड्याला बोलवायचे ना, मग असणारच. मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं: आम्हाला ट्रेनिंगला बोलवतात ते नवा फॉर्म आला की. अडलं काय, कुणी विचारत नाही.

विस्तव

@पाटीपेन्सिल, तुझ्या आईला नमस्कार. माझा घराणेशाहीचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण हा प्रतिसाद वाचून एवढं पटलं की आरोळ्यांचं काम म्हणजे 'गावातली बाई नेमा' एवढंच नव्हतं. दर आठवड्याची ती दोन दिवसांची बैठक हाच खरा ऐवज होता, आणि सरकारने नेमका तोच गाळला. बाई घेतली, बैठक टाकली.

माळरान

@विस्तव, हे मला लिहायला हवं होतं तसं तुम्ही लिहिलंत. प्रत्येक आठवड्याला, वर्षानुवर्षं, त्याच बायकांसमोर बसून 'काय अडलं' विचारणं. ते घरात राहणाऱ्या माणसालाच जमतं. दौऱ्यावर असणाऱ्याला नाही.

@उंबरठा, शीर्षक तसंच ठेवतो, कारण स्मृतिदिन त्यांचा आहे. पण सप्टेंबरात मेबलताईंवर स्वतंत्र धागा तुम्ही काढा. मी टंकायला मदत करतो.

उंबरठा

काढते. पण त्या 'जामखेड' पुस्तकाची प्रत हवी, वाचनालयातली कुणीतरी नेली ती परत आलीच नाही. कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातासमुद्रापार

माझ्या बायकोकडे आहे. स्कॅन करून देणं बरोबर होणार नाही, डिसेंबरात पुण्याला येतोय तेव्हा प्रतच घेऊन येतो. सप्टेंबरचा मुहूर्त हुकेल, चालेल का?

चहाबाज

जामखेडला जाऊन बघता येतं का हो? आवार लोकांना खुलं असतं का?

खर्डेकर

तिथं शिकायला देशोदेशीची माणसं येतात, प्रशिक्षण केंद्र आहे. नुसतं बघायला यायचं असंल तर आधी फोन करून विचारा, चालता दवाखाना आहे तो, पिकनिक स्पॉट न्हाई. नगरवरनं एस्टी मिळती. पावसाळ्यात या, सौताड्याचा धबधबा बी बघून होईल. उन्हाळ्यात आलात तर पाण्याची बाटली घेऊन या. 😄